आकसण्याची सूट

सोळा तारखेला हजर व्हायचं.
कंपनीच्या पत्रात ही एकच ओळ ठळक,
बाकी सगळी रजेची वजाबाकी.
कॅलेंडरवर सोळाच्या चौकटीत
माझ्याच अक्षरात आधीच लिहिलंय : गॅस नंबर लावणे.
तिथे तुला कुठे बसवू?

राजारामपुरीतलं पाळणाघर पाहिलं आधी.
भिंतीवर जिराफ, हत्ती,
आणि मोबाइलवर दिवसभर दिसशील म्हणे तू
चार कॅमेऱ्यांतून.
फी सांगितली, वेळा सांगितल्या,
साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना पन्नास रुपये.
एक पोरगं कोपऱ्यात
दाराकडे तोंड करून बसलेलं.
बाकी सगळं खरंच स्वच्छ होतं.

सासूबाई म्हणाल्या, गडहिंग्लजला ठेव माझ्याजवळ,
शनिवारी येऊन बघून जात जा.
त्यांचे गुडघे, त्यांचा बीपी,
त्यांचं खरंखुरं प्रेम.
शनिवारी.
हा शब्द मी चहात ढवळत राहिले,
विरघळला नाही.

विश्वजित म्हणाला, तू म्हणशील तसं.
किती हलकं वाक्य,
आणि ओट्यावर ठेवलं की
उचलता उचलत नाही.

मग उद्यमनगरच्या मागच्या बोळात जुलेखाभाभी.
दोन खोल्या, भिंतीपलीकडे लेथ,
दोरीवर लंगोट वाळत, कुणाकुणाचे.
फी विचारली तर म्हणाली, "ते बघू की मागनं.
आधी सांगा, रडाया लागली की हिला काय लागतं?"
मी गप्प.
सात महिने रात्रंदिवस मांडीवर तू,
आणि मला हे कुणी विचारलंच नव्हतं.
"कान," मी म्हटलं, "झोप आली की माझा कान धरते.
डावा."
भाभीने कानातले डूल काढून ताटलीत ठेवले,
तुझ्याकडे डोकं झुकवलं.
तू नुसतं बघितलंस. धरला नाहीस.
"धरंल की," ती म्हणाली, "आजच कशाला?"

"त्यांच्यात?" एवढंच म्हणाल्या खालच्या मजल्यावरच्या काकू.
पुढचं पदराखाली ठेवलं.
मी जिना चढत राहिले,
तू खांद्यावर, लाळेनं माझी बाही ओली,
आणि ठरवणं हे असं
पायरी-पायरीनं होत गेलं बहुतेक,
कुठल्या पायरीवर झालं ते आठवत नाही.

शिरोलीत, आमच्या फाउंड्रीत,
पॅटर्न कास्टिंगपेक्षा जरासा मोठा करतात.
लोखंड निवताना आकसतं,
त्याची सूट आधीच धरलेली असते, हजारात दहा.
नऊ वर्षं मी हे मापतेय,
गेज लावून, खाली सही करून.
पण या दिवसाला किती सूट ठेवू?
नऊ तास निवल्यावर
आपण दोघी एकमेकींच्या मापात बसू ना?

सोळा तारीख. अकरा वीसला
एप्रनच्या आत कुर्ता भिजला.
गेजच्या कपाटामागे, स्टोअररूममध्ये,
कडी नसलेल्या दाराला पाठ टेकून
बाटलीत उतरवलं ते, तुझ्या वाट्याचं.
बाहेर कुणीतरी हाक मारत होतं :
मॅडम, हा लॉट सोडायचा का?

चार वाजता फोन केला.
लेथ. कुकर. कुणाचं तरी पोर.
त्या आवाजांत तुझं रडणं शोधत राहिले,
सापडलं नाही.
सापडलं नाही, याचं सुख व्हायला हवं होतं.
"झोपलीया," भाभी कुजबुजली, "हळू बोला."
"आणि कान?"
"सोडंना झालीया."

फोन ठेवला.
पुढचं कास्टिंग मापात होतं.
ते मी दोनदा मापलं.